पाच इशारे, एकच साक्षीदार : सेर्पुखोव-१५ येथील एका निर्णयाचा अभ्यास

२६ सप्टेंबर १९८३ रोजी, मध्यरात्र उलटून जेमतेम १५ मिनिटे झाली असताना, मॉस्कोच्या दक्षिणेकडील सेर्पुखोव-१५ या लष्करी केंद्रातील भूमिगत कक्षात सायरन वाजू लागला. समोरच्या मोठ्या फलकावर लाल प्रकाशात ‘प्रक्षेपण’ हा शब्द उमटला होता. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील माल्मस्ट्रॉम हवाई तळाच्या परिसरातून एक आंतरखंडीय क्षेपणास्त्र सोव्हिएत संघाच्या दिशेने निघाले आहे, असे ‘ओको’ या उपग्रहाधारित पूर्वसूचना यंत्रणेचे म्हणणे होते, आणि त्या म्हणण्याची विश्वासार्हता संगणकाने ‘सर्वोच्च’ ठरवली होती.

पाळीप्रमुखाच्या खुर्चीत बसलेले लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव ४४ वर्षांचे होते. ती पाळी मुळात त्यांची नव्हती. दुसऱ्या अधिकाऱ्याच्या बदली ते आले होते. सायरन वाजताच कक्षातील माणसे जागेवरून उठली आणि त्यांच्याकडे पाहू लागली. पहिले काही क्षण आपण स्वतःही त्या लाल अक्षरांकडे नुसते बघत राहिलो, असे पेत्रोव यांनी पुढे सांगितले आहे. मग त्यांनी ओरडून सगळ्यांना जागेवर बसवले आणि तपासणी सुरू केली. इतक्यात दुसरे क्षेपणास्त्र नोंदले गेले, पाठोपाठ तिसरे, चौथे आणि पाचवे. फलकावरचे शब्द बदलले आणि आता तेथे क्षेपणास्त्र हल्ल्याची सूचना झळकत होती.

मोंटानाहून सुटलेल्या क्षेपणास्त्राला सोव्हिएत भूमीवर पोहोचायला साधारण अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात उपग्रहाची सूचना वरिष्ठांकडे, तेथून जनरल स्टाफकडे आणि शेवटी देशाच्या सर्वोच्च नेत्याकडे जायची आणि प्रत्युत्तर द्यायचे की नाही हे ठरायचे, अशी रचना होती. पेत्रोव यांच्यापुढे क्षेपणास्त्रे सोडण्याचे कोणतेही बटण नव्हते. त्यांचे काम या साखळीच्या पहिल्या कडीवरचे होते, म्हणजे सूचना खरी की खोटी याविषयी आपले मत वर कळवणे. त्यांनी टेलिफोनवर कळवले की इशारा खोटा आहे. जमिनीवरील रडारांना काही दिसते का याची वाट पाहणे एवढेच मग उरले होते. सुमारे पाव तासाने खात्री झाली की काहीही आलेले नाही.

‘यंत्र चुकले आणि माणसाने जग वाचवले’ अशा थाटात हे प्रकरण बहुधा सांगितले जाते. मला ती मांडणी अपुरी वाटते, कारण तिच्यातून माणसाच्या विवेकावर सरसकट विश्वास ठेवण्याची सवय लागते आणि तो विवेक त्या रात्री नेमका कशाच्या आधारावर उभा होता हे पाहायचे राहून जाते. लष्करी निर्णयप्रक्रियेत कृत्रिम बुद्धिमत्ता शिरत असताना ‘अंतिम निर्णय माणसाकडेच राहील’ असे आश्वासन आज दिले जाते. त्या आश्वासनात किती दम आहे, हे पेत्रोव यांच्या शंकेची घडण तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

यंत्रणेने काय पाहिले

ओकोचे उपग्रह अतिशय लांबट कक्षांमध्ये फिरत होते आणि अमेरिकेच्या क्षेपणास्त्र तळांकडे ते सरळ वरून पाहत नव्हते, तर तिरप्या कोनातून, जवळजवळ पृथ्वीच्या कडेवरून पाहत होते. यामागे विचार होता. वरून पाहिले तर ढग, बर्फ आणि पाणी यांवरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश संवेदकांचा गोंधळ उडवतो. कडेवरून पाहिले तर वर चढणाऱ्या क्षेपणास्त्राच्या इंजिनाचा तप्त झोत अवकाशाच्या काळ्या पार्श्वभूमीवर अवरक्त प्रकाशात वेगळा उठून दिसतो. म्हणजे परावर्तित प्रकाशाने फसू नये म्हणूनच ही रचना निवडलेली होती.

त्या रात्री ती फसली ती परावर्तित प्रकाशानेच. शरद संपात, म्हणजे दिवस आणि रात्र समान असण्याचा दिवस, नुकताच होऊन गेला होता. सेर्पुखोव-१५ मध्ये मध्यरात्र होती, पण मोंटानात दुपार होती, आणि सूर्य, उपग्रह व क्षेपणास्त्रांचा प्रदेश यांची परस्परस्थिती अशी जुळून आली की उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश थेट संवेदकांत शिरला. संगणकाच्या नियमांना तो इंजिनाच्या झोतासारखा दिसला. यंत्रणेत एकामागून एक तपासण्यांचे बरेच टप्पे होते आणि हा संकेत त्या सगळ्यांतून पार झाला. म्हणून तर विश्वासार्हता ‘सर्वोच्च’ ठरली.

या ‘सर्वोच्च’ शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. टप्पे कितीही असले तरी ते सगळे एकाच उपग्रहाच्या एकाच दृश्याला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारत होते. दृश्यच फसवे असेल तर तपासण्यांची संख्या वाढवून सत्य हाती लागत नाही, फक्त आत्मविश्वास वाढतो. पाच क्षेपणास्त्रांचेही तसेच होते. पहिल्या इशाऱ्याने साशंक झालेल्या कोणत्याही माणसाला दुसरा, तिसरा, चौथा इशारा आल्यावर आपली शंका निराधार होती असे वाटू लागेल, आणि पाचव्यानंतर तर तो शंकेचा विषयच काढणार नाही. पण ते पाच साक्षीदार नव्हते. एकच साक्षीदार तीच साक्ष पाच वेळा देत होता.

शंकेची घडण

पेत्रोव हे मूळचे अभियंते होते. ओको यंत्रणा कशी चालवायची याच्या सूचना तयार करण्यात त्यांचा सहभाग होता, आणि ही यंत्रणा पुरती पक्व होण्याआधीच घाईने सेवेत आणली गेली आहे हे त्यांना आतून माहीत होते. दुसरी गोष्ट संख्येची होती. अमेरिकेकडे जमिनीवरून डागता येणारी एक हजाराहून अधिक आंतरखंडीय क्षेपणास्त्रे होती. ज्याला युद्ध सुरू करायचे आहे तो पाच क्षेपणास्त्रे सोडून उरलेली प्रतिहल्ल्यात नष्ट होण्यासाठी ठेवणार नाही, असा त्यांचा तर्क होता. तिसरी गोष्ट प्रत्यक्ष पाहण्याची. उपग्रहाकडून येणारे दृश्य पडद्यावर डोळ्यांनी पाहणारे कर्मचारी कक्षात होते आणि त्यांना झोत दिसत नव्हता. संगणक एक सांगत होता, डोळे दुसरे.

यांतले एकही कारण एकट्याने पुरेसे नव्हते, आणि पेत्रोव यांनीही तसा दावा कधी केला नाही. आपल्याला खात्री नव्हती, शक्यता अर्धी-अर्धी वाटत होती, असेच ते सांगत राहिले. मला त्यांच्या कथनातला हा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. वरिष्ठांना त्यांनी ठामपणे ‘खोटा इशारा’ असे कळवले, पण तो ठामपणा ज्ञानाचा नव्हता. अपुऱ्या माहितीवर कोणती चूक अधिक घातक ठरेल हे तोलून घेतलेल्या निर्णयाचा होता.

संभाव्यतेच्या भाषेत हाच तोल थोडा स्पष्ट करता येतो. समजा, एखादी यंत्रणा खरा हल्ला कधीच चुकवत नाही आणि खोटा इशारा सरासरी हजार रात्रींत एकदाच देते. ऐकताना ती अत्यंत भरवशाची वाटते. आता समजा, खरा हल्ला होण्याची शक्यता एक लाख रात्रींत एक इतकी आहे. मग एक लाख रात्रींत सुमारे शंभर इशारे खोटे असतील आणि एक खरा. म्हणजे सायरन वाजला तरी हल्ला खरा असण्याची शक्यता जेमतेम शंभरात एक. जगात तणाव असल्यामुळे हल्ल्याची शक्यता दहापट मानली, तरी खऱ्या इशाऱ्याचे प्रमाण अकरांत एक एवढेच येते. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण मुद्दा आकड्यांपलीकडचा आहे. यंत्र किती अचूक आहे या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडे असू शकते; ज्या घटनेची ते सूचना देत आहे ती मुळात किती दुर्मीळ आहे, हे मात्र यंत्राबाहेरच्या जगाकडे पाहूनच ठरवावे लागते.

आणि त्या वर्षी बाहेरचे जग काही दिलासा देत नव्हते. मार्चमध्ये अध्यक्ष रेगन यांनी सोव्हिएत संघाला ‘दुष्ट साम्राज्य’ म्हटले होते आणि त्याच महिन्यात अवकाशातील क्षेपणास्त्रविरोधी संरक्षणाची योजना जाहीर केली होती. काही मिनिटांत सोव्हिएत भूमीवर पोहोचू शकणारी अमेरिकेची पर्शिंग-२ क्षेपणास्त्रे वर्षअखेरीस पश्चिम जर्मनीत तैनात होणार होती. सर्वोच्च नेते युरी आंद्रोपोव गंभीर आजारी होते. अचानक हल्ल्याची तयारी हेरण्यासाठी सोव्हिएत गुप्तचरांची ‘रायन’ ही मोहीम १९८१ पासून सुरू होती. २२ जून १९४१ च्या पहाटे जर्मनीने बेसावध गाठल्याची आठवण ज्यांच्या पिढीत जिवंत होती, ते नेतृत्व दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिणाऱ्यासारखे प्रत्येक हालचालीकडे पाहत होते. आणि पेत्रोव ज्या हवाई संरक्षण दलात होते, त्याच दलाच्या लढाऊ विमानाने अवघ्या २५ दिवसांपूर्वी, १ सप्टेंबर रोजी, वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते. त्यात २६९ माणसे मारली गेली. त्या रात्रीही निर्णय माणसांनीच घेतला होता, हे विसरून चालणार नाही.

तर्क चुकीचाही ठरू शकला असता

पाच क्षेपणास्त्रांचा तर्क आपल्याला आज पटतो, कारण शेवट आपल्याला माहीत आहे. त्या काळच्या सोव्हिएत युद्धविचाराच्या दृष्टीने तो इतका भक्कम नव्हता. मोजक्या अस्त्रांनी नेतृत्व आणि संपर्कयंत्रणा आधी नष्ट करायची आणि मग मुख्य मारा करायचा, ही भीती मॉस्कोत खरोखरच होती. पर्शिंग-२ विषयीचा धसका त्याच भीतीतून आलेला होता. मोंटानातून अर्धा तास प्रवास करून येणारी अस्त्रे अशा कामासाठी सोयीची नव्हती हे खरे, पण ‘पाचच आहेत, म्हणून खोटे आहे’ हे अनुमान सिद्धान्त म्हणून टिकणारे नव्हते. पेत्रोव चुकले असते तर त्यांनी आपल्या देशाच्या हाती असलेल्या अर्ध्या तासातला निम्मा वेळ घालवला असता.

दुसऱ्या बाजूने, त्यांनी इशारा खरा म्हणून वर पाठवला असता तर अणुयुद्ध झालेच असते, असेही म्हणता येत नाही. वरच्या पातळीवरही माणसेच होती आणि रडारांची पुष्टी त्यांनीही मागितली असती, कदाचित. एका माणसावर सगळे श्रेय टाकणारी कथा ऐकायला बरी वाटते, पण अभ्यासाच्या दृष्टीने ती घातक आहे, कारण मग रचनेकडे लक्ष जात नाही.

इतर तीन प्रसंग

५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्रीनलंडमधील थूले येथील अमेरिकी रडारने मोठ्या हल्ल्याची सूचना दिली. ते संकेत नॉर्वेवर उगवत असलेल्या चंद्रावरून परतलेले होते. त्या वेळी अधिकाऱ्यांच्या मनात शंका यायला एक कारण रडारच्या पूर्णपणे बाहेरचे होते: सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव संयुक्त राष्ट्रांच्या सभेसाठी न्यूयॉर्कमध्ये होते. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकेच्या हवाई संरक्षण मुख्यालयात सरावासाठी बनवलेला हल्ल्याचा देखावा चुकून प्रत्यक्ष यंत्रणेत शिरला, आणि मूळ रडार व उपग्रहांकडे थेट विचारणा केल्यावर काही मिनिटांत तो खोटा ठरला. दोन्ही वेळा सुटका झाली ती वेगळ्या वाटेने येणाऱ्या माहितीमुळे.

तिसरा प्रसंग उलट दिशेचा आहे, आणि पेत्रोव यांच्याविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने तो शेजारी ठेवायला हवा. ३ जुलै १९८८ रोजी पर्शियन आखातात अमेरिकी युद्धनौका ‘विन्सेन्स’ने बंदर अब्बासहून दुबईला जाणारे इराण एअरचे विमान पाडले. विमानातील सर्व २९० जण ठार झाले. नौकेवरील एजिस या संगणकीय यंत्रणेत विमान उंची वाढवत असल्याची योग्य नोंद होती आणि ते नागरी संकेत देत होते. कक्षातील माणसांनी मात्र ते लढाऊ विमान असून खाली झेपावत आहे असे एकमेकांना सांगितले. त्याच वेळी इराणी नौकांशी चकमक सुरू होती, वेळ मिनिटांत मोजावा लागत होता, आणि हल्ला होणारच हे मनात आधीच ठरले होते. समोरचे आकडे त्या ठरलेल्या चित्रात बसवले गेले. यंत्र बरोबर होते. माणूस साखळीत होता, वरिष्ठ होता, अनुभवी होता, आणि चुकला.

सेर्पुखोव-१५ आणि विन्सेन्स यांच्यातला फरक माणूस की यंत्र हा नाही. पेत्रोव यांच्यावर त्या क्षणी कोणी गोळीबार करत नव्हते; त्यांच्याकडे थोडा वेळ होता, यंत्राच्या दोषांची माहिती होती, पडद्याकडे पाहणारे डोळे होते आणि रडारांची दुसरी साक्ष येणार होती. विन्सेन्सवर वेगळी माहिती समोर असूनही तिच्याकडे पाहण्याची उसंत आणि वृत्ती उरलेली नव्हती.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात

१६ नोव्हेंबर २०२४ रोजी पेरूची राजधानी लिमा येथे अध्यक्ष बायडेन आणि अध्यक्ष शी जिनपिंग यांनी अण्वस्त्रे वापरण्याच्या निर्णयावर माणसाचे नियंत्रण राहिले पाहिजे, असे संयुक्तपणे मान्य केले. हे पाऊल मला महत्त्वाचे वाटते आणि त्याचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. पण धोका केवळ शेवटच्या निर्णयात नसतो. तो पहिल्या कडीवर असतो, जिथे पेत्रोव बसले होते. जिथे उपग्रहाची चित्रे, रडारचे ठिपके आणि शत्रूच्या हालचालींचे अहवाल यांतून ‘काय घडत आहे’ याचे चित्र तयार होते. ते चित्र उदाहरणांवरून शिकलेल्या संगणकीय प्रारूपाने तयार केले, आणि नेत्यासमोर फक्त निष्कर्ष आला, तर नियंत्रण कागदावर माणसाचे असले तरी त्याने पाहायचे जग आधीच निवडलेले असते.

ओकोचे नियम माणसांनी लिहिले होते. झोत कसा ओळखायचा, कोणत्या टप्प्यावर काय तपासायचे, हे कोणीतरी ठरवले होते आणि पेत्रोव त्या लोकांच्या जवळचे होते. म्हणून ते यंत्राच्या दुबळ्या जागेवर बोट ठेवू शकले. आजची प्रारूपे लाखो उदाहरणांवरून स्वतः वर्गीकरण शिकतात. त्यांनी एखाद्या चित्राला क्षेपणास्त्र का म्हटले, हे ती बनवणाऱ्यांनाही अनेकदा नेमकेपणाने सांगता येत नाही. शिवाय जे दृश्य शिकण्याच्या साहित्यात कधी आलेच नव्हते त्याच्याबाबतीतही असे प्रारूप मोठ्या आत्मविश्वासाचा आकडा देऊ शकते, ही या शास्त्रातली ओळखीची अडचण आहे. संपाताच्या सुमारास ढगांवरून परतणारा प्रकाश हे १९८३ सालचे तसेच न शिकलेले दृश्य होते. आणि खऱ्या अणुहल्ल्याची उदाहरणे शिकायला कोणाकडेच नाहीत; ती नसावीत अशीच आपली सर्वांची इच्छा आहे. म्हणजे अशी यंत्रणा मुख्यतः बनावट प्रसंगांवर शिकणार, आणि खऱ्या प्रसंगी ती कशी वागेल याचा अंदाज त्यावरूनच बांधावा लागणार.

अशा यंत्रासमोर उद्याचा पाळीप्रमुख शंका घेईल ती कशाच्या जोरावर? यंत्र अनेक महिने बरोबर आल्यावर त्यावर विसंबण्याची सवय जडते. २३ मार्च २००३ रोजी इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने मित्रपक्षाच्याच ब्रिटिश टॉर्नेडो विमानाला शत्रूचे क्षेपणास्त्र समजले. समोर बसलेल्या सैनिकांनी ते वर्गीकरण स्वीकारले आणि विमानातील दोघेही मारले गेले. तेथेही माणूस साखळीत होता. त्याच्याकडे यंत्राच्या म्हणण्याशी ताडून पाहण्यासारखे दुसरे काही नव्हते.

सेर्पुखोवच्या घटनेनंतर सोव्हिएत अभियंत्यांनी केलेली एक दुरुस्ती म्हणूनच मला फार बोलकी वाटते. लांबट कक्षेतील उपग्रहाची सूचना भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या, उपग्रहाच्या माहितीशी पडताळून पाहण्याची सोय त्यांनी केली. त्यांनी एकट्या साक्षीदाराला अधिक हुशार करण्यावर भागवले नाही, तर वेगळ्या जागी उभा असलेला दुसरा साक्षीदार आणला.

नोंदवही

पेत्रोव यांना सुरुवातीला शाबासकी मिळाली. मग चौकशी सुरू झाली आणि त्या मिनिटांत घडलेल्या गोष्टी पाळीच्या नोंदवहीत का लिहिल्या नाहीत, यावरून त्यांना बोल लावण्यात आला. एका हातात टेलिफोन होता, दुसऱ्या हातात इंटरकॉम होता आणि तिसरा हात माझ्याकडे नाही, असे त्यांचे उत्तर होते. त्यांना बक्षीस मिळाले नाही. यंत्रणेतील दोष उघड झाल्यामुळे ती उभारणाऱ्यांची अडचण झाली होती, आणि पेत्रोव यांचा गौरव केला असता तर त्या दोषाची जबाबदारी कोणाची हा प्रश्न आला असता, असे त्यांना स्वतःला वाटत होते. पुढच्याच वर्षी ते सैन्यातून बाहेर पडले. ही घटना नव्वदच्या दशकात, त्यांचे तेव्हाचे वरिष्ठ जनरल युरी वोतिन्त्सेव यांच्या आठवणींतून जगासमोर आली. १९ मे २०१७ रोजी मॉस्कोजवळच्या फ्र्याझिनो येथे पेत्रोव यांचे निधन झाले, आणि बाहेरच्या जगाला त्याची वार्ता कळायला सप्टेंबर उजाडला.

संगणकाने त्या रात्रीचे आपले काम चोख नोंदवले होते: पाच प्रक्षेपणे, विश्वासार्हता सर्वोच्च. ती सूचना खोटी का मानली गेली, कोणत्या क्षणी कोणी काय पाहिले, पडद्याकडे पाहणाऱ्यांनी काय सांगितले आणि पेत्रोव यांनी ते कसे तोलले, याचा भाग पाळीच्या नोंदवहीत ज्या जागी यायला हवा होता, ती जागा कोरी राहिली.